जुन्या मराठी सिनेमांची बरी कॉपी नक्की मिळते कुठे?

पारिजात_मिरज
नमस्कार मंडळी,
आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा जुना मराठी सिनेमा दाखवायचं ठरलंय. प्रोजेक्टर आहे, स्पीकर आहेत, खुर्च्या गणपती मंडळाच्या. पहिला सिनेमा 'संत तुकाराम' (१९३६), यावर अजिबात भांडण झालं नाही, जे आमच्या समितीत नवलच. अडला तो कॉपीपाशी. यूट्यूबवरची एक कॉपी आडवी ताणलेली, त्यात पागनीस तुकाराम न वाटता तालमीतले वस्ताद वाटतात. दुसरीवर कोपऱ्यात चॅनेलचा लोगो, आणि मधेच खालून पट्टी सरकते. तिसरीवर ठळक अक्षरात '४के रिस्टोअर्ड' लिहिलंय, पण बघताना काहीतरी खटकतं, काय ते मला सांगता येत नाही.
तर चांगली कॉपी कुठे मिळेल? पुढे 'कुंकू', 'शेजारी', 'ब्रह्मचारी', 'गुळाचा गणपती' पण यादीत आहेत. पैसे द्यायची तयारी आहे. फुकट लिंका नकोत असं नाही, पण चांगल्या हव्यात.

उसळपाव
यूट्यूबवर आहे की. एवढं काय.

पारिजात_मिरज
@उसळपाव वर तेच तर लिहिलंय हो :)

धोंडू_तात्या
डीव्हीडी घ्या. मी २००५-०६ पासून जमवतोय, प्रभात फिल्म कंपनीचं जवळजवळ सगळं आहे माझ्याकडे. तेव्हा पुण्यात कुठल्याही कॅसेटच्या दुकानात सहज मिळायच्या, आता दुकानंच नाहीत. मुंबईचं ऱ्हिदम हाऊससुद्धा २०१६ ला बंद झालं. पण डिस्क ती डिस्क. नेट गेलं तरी चालते, कोणी परस्पर काढून टाकत नाही.

कोथरूडची_मीरा
तात्या, सगळ्या डिस्क सारख्या नसतात ना पण. ती 'थ्री इन वन' डीव्हीडी आठवते? एका डिस्कवर तीन सिनेमे, वर दादा कोंडक्यांचा फोटो आणि आत भलतंच काहीतरी. ४.७ जीबीच्या डिस्कमध्ये तीन सिनेमे कोंबले तर एकाच्या वाट्याला दीड जीबी येतो, मग पाऊस पडायला लागला की पडद्यावर नुसते चौकोन. त्यापेक्षा एक सिनेमा एक डिस्क असेल तरच घ्यावी.

धोंडू_तात्या
थ्री इन वन मी घेतलेल्या नाहीत.

रीळवाला
लेट आलोय धाग्यावर, पण विषय जिव्हाळ्याचा आहे त्यामुळे मोठं लिहितो, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

पारिजात, तुम्हाला त्या ४के कॉपीत जे खटकतंय ते बहुतेक हे असणार: कुणीतरी जुनी व्हीसीडी किंवा टीव्हीवरचं रेकॉर्डिंग घेतलं आणि एआयच्या सॉफ्टवेअरमधून फुगवलं. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ चं. त्यात नव्हते ते तपशील सॉफ्टवेअर मनाने भरतं. मग चेहरे मेणाचे होतात, मागे उभ्या गावकऱ्यांना डोळेच वेगळे येतात, आणि फिल्मचा दाणा पुसला गेल्यामुळे इंद्रायणीचं पाणी प्लॅस्टिकच्या कागदासारखं हलतं. याला रिस्टोरेशन म्हणत नाहीत. रिस्टोरेशन म्हणजे फिल्मपासून सुरुवात, म्हणजे मिळेल ती सगळ्यात आधीच्या पिढीची प्रिंट किंवा निगेटिव्ह शोधायची, साफ करायची, फ्रेम न् फ्रेम स्कॅन करायची. तेव्हा थंबनेलवर ४के दिसलं की उलट जास्त संशय घ्या.

माझं मत असं की कॉपी बघताना रिझोल्यूशन सगळ्यात शेवटी बघावं. आधी बघायचं पूर्ण आहे का, मग वेग बरोबर आहे का, मग आकार, मग आवाज. या चारही गोष्टी नीट असलेली धुरकट व्हीसीडी मी कापलेल्या एचडीपेक्षा वर ठेवीन.

अर्धवटराव
धुरकट व्हीसीडी वर ठेवीन म्हणे. रीळवाले, तुम्ही चष्मा काढून बघता का? (दिवे घ्या)

उसळपाव
पूर्ण आहे का हे कसं कळणार? आपण थोडाच १९३६ ला थेटरात होतो.

रीळवाला
@उसळपाव चांगला प्रश्न. लांबीवरून. 'संत तुकाराम' संदर्भग्रंथांत १३१ मिनिटांचा दिलाय. तुमच्या फाईलची लांबी बघा.
१२६ च्या आसपास असेल तर घाबरू नका, काही कापलेलं नाही. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमने चालते, आपल्याकडची टीव्ही-डीव्हीडीची पाल पद्धत २५ ने. त्यामुळे सिनेमा चार टक्के पळतो, १३१ चे १२६ होतात.
१२० किंवा त्याखाली असेल तर मात्र शोधा. हजार फुटाचं रीळ साधारण ११ मिनिटं चालतं, तेव्हा दहा-अकरा मिनिटांचा खड्डा असला तर अख्खं रीळ गायब असण्याची शक्यता. आणि सात-आठ मिनिटं इकडून तिकडून गेली असतील तर चॅनेलवाल्यांनी जाहिरातींसाठी गाणी छाटलेली असतात. कडव्याच्या मध्येच उडी आली की समजायचं.

कोथरूडची_मीरा
वेगाबद्दल मी थोडी भर घालते कारण हा माझा प्रांत आहे, गाणं शिकवते. चार टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण स्वर जवळजवळ अर्ध्या सुराने चढतो. काळी एकमध्ये गायलेलं जवळजवळ पांढरी दोनमध्ये ऐकू येतं. पागनीसांचा आवाज त्या पाल कॉपीत उगाच कोवळा आणि घाईचा वाटतो. संगीतकार केशवराव भोळ्यांनी त्या चालींना जो संथपणा दिलाय तोच निघून जातो. माझ्या एका विद्यार्थिनीने त्या कॉपीवरून 'आधी बीज एकले' बसवलं होतं, पट्टी कुठली म्हणून विचारलं तर दोन पट्ट्यांच्या मध्ये लटकलेली!

अर्धवटराव
'आधी बीज एकले' तुकोबांचा अभंग ना? गाथेत शोधला होता, सापडला नाही.

कोथरूडची_मीरा
गाथेत नाहीच तो. शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिला. इतका बेमालूम की भलेभले फसले.

फणसवाडीकर
अरे वा, हे नवीन कळलं. धाग्याचं सार्थक.

रीळवाला
मीराताई +१. घरच्या घरी उपाय आहे. काँप्युटरवर व्हीएलसी प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा. पण नुसतं तेवढं करून सूर उतरत नाही, कारण व्हीएलसी आपणहून सूर कायम ठेवतो. सेटिंगमध्ये ऑडिओखाली टाइम-स्ट्रेचिंगची खूण आहे ती काढायची, मग वेग आणि सूर दोन्ही जागेवर येतात.
आणखी एक गोम. फाईलची माहिती बघून सेकंदाला २९.९७ फ्रेम (अमेरिकी पद्धत) दिसलं म्हणून वेग बरोबर असं धरू नका, पालवरून नंतर बदललेली असू शकते. शेवटी घड्याळच खरं, १३१ की १२६.

जर्सीची_अनघा
इकडे अमेरिकेत आमची वेगळीच रड. भारतातून आणलेल्या पाल डिस्क इथले बरेच प्लेअर घेतच नाहीत. काँप्युटरवर चालतात, पण आता लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, म्हणून यूएसबीवाला बाहेरचा घेतला. आमच्या महाराष्ट्र मंडळात 'संत तुकाराम' दाखवला होता इंग्लिश सबटायटलच्या डीव्हीडीवरून, इथे जन्मलेली मुलं आधी फोनमध्येच होती. पण आवली तोंड सोडायला लागली तशी एकेक मान वर आली. गौरीबाईंचं काम म्हणजे काय! नंतर एकीने विचारलं, शी इज राइट, राइट? मी म्हटलं हो बाई.
सांगायचा मुद्दा, सबटायटलवाली कॉपी मिळाली तर तीच घ्या.

धोंडू_तात्या
मराठी सिनेमाला मराठी मुलांसाठी सबटायटल. काय दिवस आले.

जर्सीची_अनघा
तात्या, १९३७ ला व्हेनिसच्या महोत्सवात हाच सिनेमा जगातल्या तीन उत्कृष्ट चित्रपटांत निवडला, तिथे सदाशिव पेठ बसली नव्हती बघायला.

अर्धवटराव
*पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे*

फणसवाडीकर
मला एक कळत नाही. प्रभातचं इतकं नाव, स्टुडिओ पुण्यात, त्याच जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट, फिल्म अर्काइव्ह पण पुण्यातच. मग लखलखीत ब्लू-रे का नाही? जपानी, इटालियन सिनेमे त्याच काळातले, नुकतेच शूट केल्यासारखे दिसतात.

रीळवाला
कारण आपल्याकडे मूळ मालच फार थोडा उरलाय. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती भयंकर ज्वालाग्राही, आणि जाळली नाही तरी आपल्या हवेत चिकट होत जाते, शेवटी भुकटी. काही निर्मात्यांनी तर जुनी रिळं चांदी काढायला विकली. सरकारी अर्काइव्ह सुरू झालं १९६४ ला, तोवर 'आलम आरा'सारखे सिनेमे हातचे गेले होते. प्रभात त्याआधीच, १९५३ ला बंद पडली. अर्काइव्हच्या पी. के. नायरांनी गावोगाव फिरून जे मिळवलं ते मिळवलं, फाळक्यांची रिळंसुद्धा त्यांच्यामुळेच वाचली. आणि मग जानेवारी २००३ ची पुण्यातली आग. फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातला नायट्रेटचा साठा जळाला, त्यात प्रभातचीही मूळ रिळं होती. बऱ्याच सिनेमांच्या सेफ्टी फिल्मवर (सहज न पेटणाऱ्या) कॉप्या झालेल्या होत्या म्हणून ते आज दिसतात तरी. पण म्हणजे आपण जे बघतो ते कॉपीची कॉपी, आणि तिची टेलिसिनी, म्हणजे फिल्मवरून उतरवलेला व्हिडिओ.
जपान्यांचंही बरंच गेलंय बरं, त्यांचे मूकपट तर फार थोडे उरलेत. जे उरलं त्यावर पैसा ओततात, फरक तो.

कोथरूडची_मीरा
त्या आगीचं वाचलं की अजून राग येतो.

गोंयकार_शणै
आमच्या कोंकणीचें तर विचारूच नका. पहिला सिनेमा 'मोगाचो आंवडो', १९५०, जेरी ब्रागांझांचा. त्याची पूर्ण प्रिंट आज नाही. म्हणजे चांगली कॉपी कुठे हा प्रश्नच बाद. 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' तरी बघता येतात, गाणी अजून लग्नात वाजतात.
पण चांगली बातमी पण सांगतो. २०२४ च्या इफ्फी चित्रपट महोत्सवात पणजीला फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) दाखवला, रिस्टोअर केलेला, समोर वादक बसून लाईव्ह संगीत. फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झालीय त्यात. शंभर वर्षांपूर्वीची पोर इतकी स्वच्छ दिसते की यूट्यूबवर पुन्हा बघवत नाही. तेव्हा काम चालू आहे. नॅशनल फिल्म हेरिटेज मिशनमधून २०२२ ला रिस्टोरेशनसाठी ३६३ कोटी जाहीर झालेत. फक्त ते महोत्सवात दिसतं, विकत घ्यायला म्हणून दुकानात येत नाही.

फणसवाडीकर
म्हणजे आपल्या पैशाने साफ करायचं आणि वर्षातून एकदा पासवाल्यांना दाखवायचं.

गोंयकार_शणै
पास ऑनलाइन मिळतो हो, कोणीही काढू शकतं. पण मुद्दा मान्य.

उसळपाव
विषय भरकटतोय. पारिजातताईंना सिनेमा दाखवायचाय.

अर्धवटराव
विषय भरकटला नाही तर तो धागा कसला.
बरं, कायद्याचं काय? डीव्हीडीवर स्पष्ट लिहिलेलं असतं 'फक्त घरगुती वापरासाठी'. वाचनालयात शंभर लोकांना दाखवलं तर?

वकिलीण_बाई
आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९६४ पर्यंतचे सगळे सिनेमे २०२५ पासून मोकळे. 'संत तुकाराम' तर कधीचाच. डिस्कवर काहीही छापलेलं असो, संपलेला हक्क छापून परत येत नाही. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, पटकथा, गीतं यांचे हक्क वेगळे, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. 'ब्रह्मचारी' १९३८ चा असला तरी लेखन अत्र्यांचं, ते १९६९ ला गेले, म्हणजे लेखनाचा हक्क २०२९ अखेरपर्यंत. दोन, नव्याने केलेली सबटायटल ज्याची त्याची असतात. मोफत कार्यक्रमाला वाचनालयाच्या दारात कोणी पोलीस घेऊन येईल असं मला वाटत नाही, पण तिकीट लावणार असाल तर लेखी सल्ला घ्या, धाग्यावरचा नको.

रीळवाला
वकिलीण बाई, मला एक खुपतं. हक्क संपला म्हणून कोणीही उचलून लोगो चिकटवून टाकतो, आणि ज्याच्याकडे खरी चांगली प्रिंट आहे तो म्हणतो, मी लाखो रुपये घालून स्कॅन का करू, उद्या दुसराच फुकट वाटेल. मोकळं झाल्यामुळे सिनेमा मिळायला लागला आणि त्याच कारणाने चांगला मिळेनासा झाला.

वकिलीण_बाई
पटत नाही. साठ वर्षं हक्क होता तेव्हा कोणी काय दिवे लावले? बंद कपाटातल्या प्रिंटपेक्षा लोगोवाली बरी.

रीळवाला
लोगो बरा, पण कापलेला आकार नाही. चौकोनी चित्र टीव्ही भरावा म्हणून वरून खालून छाटलं की पाव चित्र जातं. मग सालोमालोची पगडी गेली, विमान आलं तर खालचा भाग गेला.

शिट्टी
यात माझा एक आणा. फिल्म सोसायटीवाले विसरलात तुम्ही सगळे. त्या काळी आम्ही सोळा एमएमच्या प्रिंटा एसटीने आणायचो. आजही जुन्या सोसायट्यांच्या कपाटांत डिस्क असतात, विचारायचं फक्त. आणि परदेशातही बघत जा. 'घाशीराम कोतवाल' (१९७६), युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हचा, ओम पुरींचा पहिला सिनेमा. त्याची प्रिंट बर्लिनच्या आर्सेनाल संस्थेकडे राहिली होती, त्यांनी ती रिस्टोअर केली आणि २०१४ ला बर्लिनच्या महोत्सवात दाखवली. मराठी सिनेमा आणि वाचला जर्मनीत.
इंडियनसिने.मा ही साइटही बघा, कॉपीराइट संपलेले बरेच सिनेमे तिथे पूर्ण आहेत. कॉपी दिसायला भारी नाही, पण कोणतं दृश्य कुठे आहे हे टाइमलाइनवर दिसतं, आपल्या कॉपीशी ताडून बघायला सोन्यासारखी.

पारिजात_मिरज
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कळेल असं वाटलं नव्हतं. अपडेट: एका सभासदाच्या मावशीकडे 'तुकाराम'ची डीव्हीडी निघाली, एक सिनेमा एक डिस्क, सबटायटल पण आहेत. लांबी १२६ च्या आत-बाहेर, म्हणजे पालवाली पण पूर्ण. वेग ०.९६ करून, ती टाइम-स्ट्रेचिंगची खूण काढून लावला आणि आमच्या भजनी मंडळाच्या बुवांना पेटी घेऊन बसवलं, ते म्हणाले आता बसतोय सूर. हलत्या कडांवर आडव्या रेघा येतात तेवढं राहिलंय.
'कुंकू'चं मात्र अवघड दिसतंय. जे मिळालं ते हिंदी 'दुनिया न माने' निघालं, वर नाव 'कुंकू'.

रीळवाला
रेघांसाठी व्हीएलसीत डीइंटरलेस चालू करा, 'याडिफ' निवडा, जातील.
'कुंकू'त हा घोळ नेहमीचा. प्रभातने दोन्ही भाषांत वेगवेगळं चित्रण केलं, शांता आपटे आणि केशवराव दाते दोन्हींत, त्यामुळे आवाज बंद करून बघितलं तर पटकन ओळखू येत नाही. कुठेतरी तर मराठी खराब झालेल्या जागी हिंदीतले तुकडे जोडलेत असाही संशय मला आहे, पण ताडून बघायला दोन पूर्ण कॉप्या हव्यात.
आणि 'कुंकू' घेताना आवाज साफ केलेली कॉपी चुकूनही घेऊ नका. त्या सिनेमात पार्श्वसंगीत नाहीच मुळी. घड्याळ, पावलं, दार, असले खरे आवाजच सगळं काम करतात. कोणी खरखर काढायला फिल्टर मारला की खरखरीबरोबर ते घड्याळही जातं, आणि मग काकासाहेब (दात्यांचं पात्र) नुसतेच गप्प बसलेले वाटतात. थोडी खरखर चालेल.

कोथरूडची_मीरा
अगदी. आणि शांताबाईंचं ते लाँगफेलोचं इंग्रजी गाणं पूर्ण आहे का तेही बघा, चॅनेलवाले पहिलं तेच उडवतात.

धोंडू_तात्या
माझ्याकडे 'कुंकू' मराठी आहे. दोन व्हीसीडींचा संच. वर कोणी तरी व्हीसीडीला हसलं होतं.

पारिजात_मिरज
तात्या!! हे आधी का नाही सांगितलंत? कुठे असता तुम्ही?

धोंडू_तात्या
कुणी विचारलं नाही. सांगलीतच असतो, विश्रामबागेत.

अर्धवटराव
मिरज ते सांगली. अख्खं अमेरिका-जर्मनी फिरून आलो आपण.

शिट्टी
ताई, लगेच जा आणि डिस्कची पूर्ण इमेज काढून घ्या, नुसती फाईल ओढू नका. ओरखडे असतील तर साध्या पाण्याने, मधून बाहेरच्या दिशेने पुसा, गोल गोल नाही. टूथपेस्टवाले उपाय करू नका. आणि एखादा भाग वाचलाच नाही तर दुसऱ्या ड्राइव्हवर करून बघा, एका ड्राइव्हला न जमलेलं दुसऱ्याला जमतं पुष्कळदा.

पारिजात_मिरज
तात्या, रविवारी आले तर चालेल का? लॅपटॉप आणि बाहेरचा ड्राइव्ह घेऊन येते.

धोंडू_तात्या
या. डिस्क घराबाहेर जाणार नाही, काय करायचं ते इथे बसून करा. कव्हर मी उघडीन. आणि ती दुसरी व्हीसीडी नीट चालते की नाही हे तेवढं बघून सांगा, कारण आमचा प्लेअर बंद पडून चार वर्षं झाली. जमलं तर माझ्या बाकीच्या पण पेनड्राइव्हवर घालून द्या. साधारण दोनशे आहेत.